सोळा तारखेचं अंतर्देशीय

वडूज,
६ जानेवारी २०२५

चि. साक्षीस,
मनुआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं अंतर्देशीय शनिवारी पोचलं. दादासो पोस्टमन दारातूनच म्हणाला की आवं आत्या, अख्ख्या वडुजात हे निळं पत्र आता तुमच्याच घरी येतंय, आणि मागायला पोस्टात तुमीच येताय, मास्तर कपाटाच्या तळातनं काढून देत्यात. मी म्हटलं, आमच्या भाचीचा फोन दवाखान्यासाठी राखून ठेवलेला असतो, तिथे आम्हाला जागा नाही. दिवाळीत मी तुझ्याशी वीस मिनिटं बोलत बसले आणि तेवढ्यात तुझ्या इन्चार्ज बाईने तुझा फोन लागेना म्हणून कॉलवर बोलवायच्या यादीतल्या पुढच्या सिस्टरला बोलावून घेतलं, हे तू सांगितल्यापासून मी फोनला हात लावलेला नाही. तेव्हा लिहीत जा. लिफाफा नको. एकाच कागदावर सगळं मावेल एवढंच लिही, म्हणजे फापटपसारा होत नाही.

पण या पत्रातली एक ओळ वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या सिस्टरच्या जागी तुला बोलावतात तिच्याच नावाने फाइलवर सही करायची, अशी म्हणे तिथे पद्धत आहे. अर्फा मुजावर सुट्टीवर, वॉर्डात राबणार तू, हजेरीवर अर्फा हजर आणि सहीही अर्फाची. कशासाठी, तर तपासणीला कोणी आलं की कायमच्या सिस्टर पुरेशा दिसाव्यात. आणि हे तू असं लिहितेस जसं काही चहात साखर कमी होती.

अगं, मी एकतीस वर्षं उपकेंद्रात नर्सबाई म्हणून काढली. माझ्या कागदावर खोटं अक्षर नव्हतं, म्हणून जिल्ह्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्याची काच तूच पुसायचीस. तुझी आई गेल्यावर चौथीपासून तुला मी वाढवलं ते अशा सह्या करायला नव्हे. उद्या काही कमीजास्त झालं तर सापडायची कोण, तू की ती मुजावर? बंद कर हे.

तीळगूळ वेगळा पाठवते आहे. राग शांत झाला की पुन्हा लिहीन. लोभ आहे, तो गृहीत धरू नकोस.

तुझी,
मनुआत्या


मिरज,
१६ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
साक्षीचा शि. सा. न. वि. वि.

तुझा तीळगूळ मिळाला, पण आज गोड बोलणं जमणार नाही. दुपारचे साडेतीन वाजलेत, आत्ताच ड्यूटीवरून येऊन तशीच लिहायला बसले आहे. हे पत्र लिहून लगेच स्टेशनजवळच्या पोस्टात टाकणार आहे, नाहीतर उद्या थंड डोक्याने वाचून फाडून टाकीन.

सकाळी सातला फोन आला. अर्फाची बहीण रहिमतपूरला बाळंत झाली म्हणून ती तिकडे गेलीय, तिच्या जागी मी. पुरुषांच्या वॉर्डात सात नंबरला धुळा म्हणून जतकडचे एक म्हातारे धनगर आहेत, छातीत कफ झालाय. त्यांना नवीन अँटिबायोटिकचं इंजेक्शन लिहिलं होतं. मी भरून नेलं तर त्यांची मुलगी बयाबाई आडवी आली. माझ्या बाला हे चालत न्हाई, मागं गावात दिलं तवा तोंड सुजून दम कोंडला हुता, असं ती सांगत होती. तिच्याकडे जुनी चिठ्ठी होती, घामाने विरलेली, पण नाव तेच. मी इंजेक्शन दिलं नाही. बारा चाळीसला धाकट्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, खेड्यातली माणसं काहीही सांगतात, द्या. मी म्हटलं, देणार नाही, तुम्ही येऊन बघा. त्यांनी फोन ठेवला. मी फाइलमध्ये वेळ घालून सगळं लिहिलं, लाल पेनने चौकट केली, आणि दोन वाजता ओव्हर देताना, वॉर्ड सोपवताना, पुढच्या सिस्टरला तोंडी पण सांगितलं. इन्चार्ज बाई सगळ्या वॉर्डासमोर म्हणाल्या की कॉलवरच्या बायकांनी डॉक्टरकी करू नये, जमत नसेल तर यादीत दुसरी नावं आहेत.

आणि त्या चौकटीखाली मी सही काय केली? ए. मुजावर. आता तू ओरडशील. ओरड. कॉलवरच्या बाईने स्वतःच्या नावाने सही केली की तिचा फोन पुन्हा वाजत नाही. गेल्या वर्षी एकीने करून बघितली. चार वर्षं मी आंघोळीला जाताना फोन बादलीशेजारी ठेवते. बाजारात भाजी घेता घेता पिशवी टाकून पळते. कायम करा म्हटलं की पुढच्या महिन्यात बघू म्हणतात. तुला सरकारची कायमची नोकरी होती, आत्या. खरं वागणं तुला परवडलं.

आणि तेही किती खरं होतं, ते मला माहीत आहे. शुक्रवारच्या गृहभेटी तू गुरुवारीच उरकायचीस आणि शुक्रवारी घरी बसून रोजनिशीत शुक्रवारची तारीख घालायचीस. मी सहावीत होते, शेजारी बसून तुला रेघा मारून द्यायचे. ती रोजनिशी बघूनच तुला प्रशस्तिपत्र मिळालं. तेव्हा मला खोट्या अक्षराबद्दल शिकवू नकोस.

कागद संपला. आज लोभ माग म्हणून सांगू नकोस, उद्या मागेन.

तुझीच,
साक्षी


वडूज,
२१ जानेवारी २०२५

चि. साक्षीस,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. दोन दिवस कपाटात ठेवलं, पुन्हा काढून वाचलं. दादासोने विचारलं की मिरजेचं काय म्हणतंय पत्र, तर त्याच्यावरच खेकसले.

शुक्रवारचं तू लिहिलंस ते खरं आहे. मी नाही म्हणणार नाही. शुक्रवारी मी घरी का थांबायचे ते तुला माहीत नाही आणि मी सांगणारही नाही, कारण सांगितलं की त्याची सबब होते. भेटी मी खऱ्या दिल्या, तारीख खोटी घातली. पण तू हे अठरा वर्षं पोटात ठेवलंस आणि माझ्यावर राग आला त्या दिवशी बाहेर काढलंस, याचं मला लागलं. चांगलंच लागलं. तुझ्या बापाला, हरिबाला पण कधी हे कळलं नव्हतं.

आता कामाचं. इंजेक्शन दिलं नाहीस ते शंभर टक्के बरोबर केलंस. मीही तेच केलं असतं, आणि तो डॉक्टर समोर असता तर त्याला ती चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावली असती. लाल चौकट केलीस हेही बरं केलंस. धुळाबाबांचं पुढे काय झालं ते कळव. तो एक प्रश्न सोडून मला सध्या तुझ्याकडून दुसरं काही ऐकायचं नाही.

जेवत जा. रागात हेही लिहावं लागतं.

मनुआत्या


मिरज,
२९ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून लिहिते, नाहीतर तोंड दाखवायची माझी लायकी नाही.

सतरा तारखेला मला बोलावलं नव्हतं; त्या सकाळी दहा वाजता, लाल चौकट असूनही, दुसऱ्या सिस्टरने त्यांना ते इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत म्हातारा निळा पडला. तेव्हापासून अतिदक्षता विभागात आहेत. परवा नळी काढली, डोळे उघडतात, पण बयाबाईला ओळखत नाहीत. ती खाली झाडाखाली घोंगडं अंथरून बसलेली असते आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कपड्याला सांगते की मी सांगितलं हुतं, मी सांगितलं हुतं.

तिने तक्रार केली. मग फाइल बाहेर आली आणि आत्या, त्यात माझं पान नाही. सोळा तारखेचं पान नवीन आहे. त्यावर सगळ्या नोंदी आहेत, फक्त लाल चौकट नाही. खाली सही ए. मुजावर, ती पण दुसऱ्याच कुणाच्या हातची. म्हणजे नातेवाइकांनी सांगूनही सिस्टरने डॉक्टरांना कळवलं नाही, असा अर्थ निघतो. अर्फाला नोटीस आली आहे, तिचं नाव नर्सिंग कौन्सिलकडे पाठवून नोंदणी रद्द करायला सांगणार आहेत. ती त्या दिवशी रहिमतपूरला बाळाला दुपट्यात गुंडाळत होती. पण हजेरीवर ती हजर, आणि आपण सुट्टीवर होतो म्हणाली तर खोट्या हजेरीत तीच सापडते.

पहिले तीन दिवस मी गप्प बसले. खरं सांगते. कागदावर आपण नाही, हे किती बरं आहे असंही मनात आलं. मग अर्फा माझ्या खोलीवर आली. भांडायला नाही. तिने फक्त विचारलं की माझ्या नावाने तू त्या दिवशी नेमकं काय काय लिहिलंस, मला माहीत तर असू दे. मी दुसऱ्या दिवशी मेट्रनकडे जाऊन सांगितलं की ड्यूटीवर मी होते, सही माझी होती, चौकट मी केली होती. त्या शांतपणे म्हणाल्या की त्या दिवशी तुम्ही आलाच नव्हतात, रजिस्टर बघा. मी फोनवरचा सातचा कॉल दाखवला, तर म्हणाल्या, बोलावलं होतं, तुम्ही येत नाही म्हणालात. माझ्या तोंडावर. चार वर्षं जिने मला सकाळी उठवलं तीच इन्चार्ज शेजारी उभी राहून मान डोलावत होती.

दहा फेब्रुवारीला चौकशी आहे, जिल्ह्याहून एक अधिकारी येणार आहेत. बयाबाई मला ओळखते, पण तिचं इथे कोण ऐकतं; कागदावरचा पुरावा माझ्याकडे काही नाही. फक्त सोळा तारखेला तुला लिहिलेलं पत्र आहे. ते मी साडेतीनला लिहिलं आणि चारला टाकलं, त्यावर त्याच दिवसाचा शिक्का असणार, आणि म्हातारा पडला सतराला. ते मला पाठवशील का? फक्त शेवटच्या आधीचा शुक्रवारचा मजकूर काळ्या शाईने गच्च खोडून पाठव. तो चार परक्या माणसांपुढे वाचला जावा असं मला वाटत नाही. माझ्या हातून तेवढं आणखी व्हायला नको.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझी,
साक्षी


वडूज,
३ फेब्रुवारी २०२५

चि. साक्षीस,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र आहे. शिक्का चष्म्याने आणि भिंगाने दोन्हीने बघितला. मिरज, १६ जानेवारी, स्वच्छ उठलाय. आणि शिक्का ज्या कागदावर आहे त्याच कागदावर मजकूर आहे. लिफाफा असता तर वकील म्हणाला असता, आतला कागद कालचा कशावरून. मी अंतर्देशीयच लिही म्हणत होते तेव्हा तू मला चिक्कू म्हणाली होतीस.

खोडणार मात्र नाही. तू इतकी वर्षं फाइली लिहितेस आणि एवढं कळत नाही? खोडलेल्या कागदावर पहिला प्रश्न हाच येतो की खाली काय होतं. एक ओळ काळी केली की उरलेल्या सगळ्या ओळी संशयाच्या. त्यांनी पान बदललं म्हणून आपण ओरडायचं आणि आपणच आपलं पान काळं करायचं, हे मला जमणार नाही.

पोस्टाने पाठवणार नाही. मी स्वतः घेऊन येते. दहा तारखेच्या पहिल्या एस.टी.ने निघेन. तू स्टँडवर येऊ नकोस, तुला बघून मला पुन्हा राग येईल आणि तो तिथेच खर्च होईल, मला तो चौकशीत हवा आहे.

मनुआत्या


वडूज,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. साक्षीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा तुला दाराबाहेर बसवून ठेवलं होतं आणि नंतर माझी शेवटची गाडी होती, तेव्हा काहीच बोलणं झालं नाही. आत काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून वहीची पानं फाडून लिहिते आहे.

दारावरचा माणूस मला आत सोडेना. तक्रारदार आणि तिचं एक माणूस, एवढ्यांनाच परवानगी होती. मी झाडाखाली गेले आणि बयाबाईला विचारलं की बाई, मी तुझं माणूस म्हणून येऊ का. ती म्हणाली, आवं या की, मला तरी कोण हाय. तिच्या जोडीने आत गेले.

टेबलाच्या एका बाजूला दवाखान्याचे मोठे डॉक्टर, तो तुझा फोन ठेवणारा धाकटा डॉक्टर, मेट्रन आणि त्यांचे वकील, मध्ये जिल्ह्याचे अधिकारी, आणि कोपऱ्यात ती अर्फा, ओढणीचं टोक पिळत. वकिलांनी रजिस्टर दाखवलं, नवीन पान दाखवलं, साक्षी नावाची कोणी बाई त्या दिवशी नव्हतीच असं गोड आवाजात सांगितलं. मी उठले. पत्र काढलं. अधिकारी म्हणाले, द्या इकडे. मी म्हटलं, साहेब, आधी शिक्का बघा आणि मला परत द्या, ते मला आलेलं पत्र आहे, मीच वाचणार.

वाचलं. सगळं. सात वाजताचा फोन, बयाबाईची चिठ्ठी, बारा चाळीस, लाल चौकट, ए. मुजावर. वकील मध्ये म्हणाले की बास, पुढचा घरगुती मजकूर दिसतोय. मी म्हटलं, तोही ऐका. आणि शुक्रवारचं वाचलं. आवाज थोडा हलला, खोटं कशाला सांगू. अधिकाऱ्यांनी विचारलं की हे खरं आहे का. मी म्हटलं, खरं आहे. जुन्या रोजनिश्या कुठे असतील तर काढा, मी येऊन माझं अक्षर ओळखून देते. आणि ज्या पोरीने रागाच्या भरात स्वतःच्या आत्यालाही सोडलं नाही, तिने त्याच कागदावर दवाखान्याबद्दल खोटं लिहिलं असेल तर तसं म्हणा. मेट्रनच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हटलं. ती रजिस्टरकडे बघत राहिली.

मग तो धाकटा डॉक्टर उठला. फोन आला होता, बारा चाळीसलाच, एवढंच म्हणाला आणि खाली बसला. मला त्याची दया आली नाही. त्याने हे सतरा तारखेला सांगायला हवं होतं. त्यानंतर तुला आत बोलावलं आणि कागदावर लिहायला लावलं, ते तुला ठाऊकच आहे. पत्रातल्या अक्षराशी ते जुळलं तेव्हा अर्फा रडली. तू नाही रडलीस, ते मला आवडलं.

घरी येऊन प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढलं. कपाटात कपड्यांखाली ठेवलंय. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण तिथे बघायची सवय जायला दोन दिवस लागतील, एवढंच. तुझ्यावरचा राग निम्मा उतरलाय. उरलेल्या निम्म्यात लोभ सांभाळून घे.

तुझी,
मनुआत्या


मिरज,
५ मार्च २०२५

ती. आत्यास,
साक्षीचा शि. सा. न. वि. वि.

अर्फाची नोटीस मागे घेतली. इन्चार्ज बाई रजेवर गेल्या आहेत, मेट्रन आहेत तिथेच आहेत. मोठे डॉक्टर म्हणाले की पान कोणी बदललं याचा शोध चालू आहे. तो त्यांच्या हयातीत लागेल असं मला वाटत नाही, आणि याचा मला इतका संताप येतो की भांडी घासताना मी मोठ्याने बोलते.

धुळाबाबा घरी गेले. अंग एका बाजूने कमी चालतं, पण बयाबाईला नावाने हाक मारतात. जाताना ती मला शोधत होती, तर तिला सांगितलं की अशी सिस्टर इथे नाही. तिने अर्फाकडून पत्ता काढला आणि खोलीवर येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली.

दुसऱ्याच्या नावाने सही केल्याबद्दल कौन्सिलने माझा खुलासा मागवलाय. मी केलेली आहे, तेव्हा मागवायलाच हवा होता. ज्यांनी ती करायला लावली त्यांना मात्र अजून कोणी काही विचारलेलं नाही. दवाखान्याने मला यादीतून काढलं, तसं सांगितलंही नाही, फक्त फोन थांबला. दुसऱ्या दोन ठिकाणी नाव दिलं, तर नाव ऐकूनच म्हणाले की कळवतो. इथे दवाखाने पुष्कळ आणि सगळे एकमेकांना ओळखतात. मी अजूनही फोन बादलीशेजारी ठेवते. वाजत नाही.

तेव्हा आत्या, आता फोन करत जा. वीस मिनिटं बोल, दोन तास बोल. शुक्रवारी तू घरी का थांबायचीस तेही सांग, मी सबब म्हणणार नाही. लाईन मोकळी आहे.

लोभ पुष्कळ शिल्लक असेल तर थोडा पाठव.

तुझी,
साक्षी


वडूज,
१० मार्च २०२५

चि. साक्षीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन करणार नाही. फोनवर बोललेल्यावर शिक्का उठत नाही.

पोस्टातली उरलेली सगळी अंतर्देशीय मी परवा घेऊन आले, दादासो हसत होता, हसू दे. निम्मी या पत्रासोबत पार्सलने पाठवते आहे. कौन्सिलला काय उत्तर देणार आहेस ते आधी मला लिहून पाठव. कोणी, कधीपासून, कुणाकुणाच्या नावाने सह्या करायला लावल्या, तारखेनिशी. ते वाचून मग मी शुक्रवारचं लिहीन. आणि खाली नुसतं साक्षी लिहू नकोस. चार वर्षं लिहिलं नाहीस, ते पूर्ण नाव लिही. मीही लिहिते.

तुझी,
मनुबाई ज्ञानू घाडगे